रोमन नाणे वाचावे कसे : सुरुवात हातातल्या वस्तूपासून

जुने नाणे हाती आले की मराठी माणसाची नजर प्रथम अक्षरांकडे जाते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ एवढाच मजकूर असतो. मोगली रुपयावर बादशहाचे नाव, टांकसाळीचे गाव आणि वर्ष फारसीत कोरलेले असते. चित्र असे जवळजवळ नसतेच. त्यामुळे नाणे ‘वाचायचे’ म्हणजे त्यावरची अक्षरे लावायची, अशी आपली पक्की समजूत झालेली असते. रोमन नाण्यापुढे मात्र ही सवय आपल्याला अडवते. लॅटिन येत नाही, अक्षरे निम्मी झिजलेली, उरलेली तुटक संक्षेपांची, म्हणून पुष्कळजण नाणे खाली ठेवून देतात.

वास्तविक रोमन नाणे वाचण्याची निम्मी तयारी आपल्याकडे आधीच झालेली असते. फक्त ती नाण्यांच्या नव्हे, देवळांच्या निमित्ताने झालेली असते. कोनाड्यातली मूर्ती पाहताना आपण तिच्या चेहऱ्यावरून देव ओळखत नाही. हातात त्रिशूळ आहे की चक्र, पायाशी नंदी आहे की गरुड, हे पाहतो आणि नाव सांगतो. रोमन नाण्याच्या मागच्या बाजूवरील देवता अगदी याच रीतीने ओळखायच्या असतात. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीच्या देवळात गेलेल्यांना आणखी एक धडा मिळालेला असतो: तिथला गणपती मोरावर बसलेला आहे, पण म्हणून त्याला कोणी कार्तिकेय म्हणत नाही. एका खुणेवर निर्णय द्यायचा नाही, दोन-तीन खुणा जुळवून मगच नाव ठरवायचे, हा नियम नाण्यांनाही लागू आहे.

बसण्याची तयारी

साहित्य थोडेच लागते. दहा पट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा आणि व्यास मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर, एवढे पुरे. यांपैकी भिंग आणि काटा तर सराफांच्या रोजच्या वापरातल्याच वस्तू आहेत. खरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे उजेड. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली झिजलेले नाणे सपाट दिसते. तेच सकाळी खिडकीपाशी नेऊन उजेड कडेने पडेल असे धरले, की नसलेली वाटणारी अक्षरे सावल्यांच्या रूपाने वर येतात. रात्री हेच काम मोबाइलच्या टॉर्चने होते, फक्त टॉर्च नाण्याच्या पातळीत, जवळजवळ टेबलावर आडवा ठेवावा आणि नाणे हळूहळू फिरवावे. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे.

आणि नाणे घासू नये. शाळेत असताना आजोळी पत्र्याच्या डब्यात सापडलेली शिवराई मी चिंचेने घासून लख्ख केली होती आणि घरभर मिरवली होती. तांब्यावर शतकानुशतके बसलेला गर्द थर दहा मिनिटांत गेला, त्याबरोबर अक्षरांच्या कडाही गेल्या, आणि आज ती शिवराई नुसत्या तांबड्या चकतीसारखी दिसते. चिंच, लिंबू, रांगोळी, भांड्यांची पूड यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही दिवस बुडवून ठेवणे, पाणी बदलत राहणे आणि मऊ ब्रशने अलगद झटकणे, याच्या पुढे नवख्याने जाऊ नये.

धातू आणि वजन

चित्राकडे वळण्याआधी नाणे कोणत्या जातीचे आहे हे ठरवून घ्यावे, कारण त्यावरून पुढचे अर्धे प्रश्न आपोआप गळतात. इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतली व्यवस्था अशी होती: सोन्याचा एक औरियस म्हणजे चांदीचे २५ डिनारियस, एक डिनारियस म्हणजे पितळेचे ४ सेस्टर्शियस, एक सेस्टर्शियस म्हणजे ४ आस. आस हे तांब्याचे साधे चलन, आणि दोन आसांचा एक ड्युपॉन्डियस. डिनारियस चांदीचा, सुमारे १८-१९ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेतीन ग्रॅमच्या आसपासचा असतो. सेस्टर्शियस मात्र हातात घेताच कळतो, कारण तो आपल्या दहा रुपयांच्या नाण्याहून बराच मोठा आणि वजनाने तिप्पट भरतो. ज्याला प्रतिमा वाचायला शिकायचे आहे त्याने सेस्टर्शियसच्या छायाचित्रांपासून सुरुवात करावी. जागा मोठी असल्यामुळे कोरणाऱ्याने तिथे हात सैल सोडलेला असतो.

वजन काळही सांगते. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळी एका रोमन पौंड चांदीतून ८४ डिनारियस पाडले जात, नीरोने इ.स. ६४ मध्ये ते ९६ केले, शिवाय चांदीत खोट वाढवली. म्हणजे एका नाण्याचे वजन सुमारे ३.९ ग्रॅमवरून ३.४ ग्रॅमवर आले. इ.स. २१५ मध्ये काराकालाने दोन डिनारियस किमतीचे म्हणून एक नवे नाणे काढले, ज्याला आज अँटोनिनियानस म्हणतात. त्यात चांदी मात्र दीडपटीएवढीच होती. पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ते इतके हिणकस झाले की चांदीचा अंश पाच टक्क्यांच्याही खाली गेला आणि तांब्यावर नुसता चांदीचा मुलामा उरला. सराफाच्या भाषेत सांगायचे तर रोमन साम्राज्याची तिसऱ्या शतकातली घसरण कसोटीच्या दगडावर दिसते.

एक सोपी खूण इथेच सांगून ठेवतो. सम्राटाच्या डोक्यावर पानांचा गोल मुकुट असेल तर नाणे एकेरी, आणि सूर्यकिरणांसारखे टोकदार काटे असलेला मुकुट असेल तर ते दुहेरी किमतीचे. आस आणि ड्युपॉन्डियस, डिनारियस आणि अँटोनिनियानस या जोड्या अशाच ओळखतात. दुहेरी नाण्यावर राणी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर येते. सम्राटाला सूर्य आणि राणीला चंद्र, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

काटा आधी, छापा नंतर

आता नाणे उलटे करावे. छापा-काटा खेळताना आपण काट्याला दुय्यम मानतो, पण रोमन नाण्याचा मजकूर मुख्यतः काट्याच्या बाजूलाच असतो. तिथे बहुधा एक उभी किंवा बसलेली स्त्री दिसेल, आणि नवखा माणूस तिला ‘कुठलीतरी देवी’ म्हणून सोडून देईल. तसे न करता तिचे दोन्ही हात पाहावेत. डाव्या हातात काय, उजव्या हातात काय आणि पायाशी काय, ही तीन उत्तरे कागदावर लिहावीत.

या स्त्रिया बहुतांशी पुराणातल्या देवी नसून गुणांच्या मूर्ती आहेत. शांती, समता, निष्ठा, आशा, सुरक्षितता अशा अमूर्त कल्पनांना रोमन लोकांनी देह दिला, देऊळ दिले आणि हातात वस्तू दिल्या. सर्वांत जास्त वेळा दिसणारी वस्तू म्हणजे फळाफुलांनी ओसंडून वाहणारे शिंग, समृद्धीचे चिन्ह. ते इतक्या जणींच्या हातात असते की त्याच्यावरून काहीच ठरत नाही; ठरते ते दुसऱ्या हातावरून. दुसऱ्या हातात तराजू असेल तर ती एक्विटास, म्हणजे चोख व्यवहाराची देवता, किंवा मोनेटा, म्हणजे टांकसाळीची देवता. या दोघी दिसायला इतक्या सारख्या असतात की नाव अक्षरांवरूनच ठरवावे लागते. मोनेटाची कथा सांगण्याजोगी आहे: रोममधली टांकसाळ जूनो मोनेटा या देवीच्या देवळालगत होती, आणि तिच्या नावावरूनच इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द आला. दुसऱ्या हातात जहाजाचे सुकाणू असेल तर ती फॉर्चुना, नशीब. माणसाच्या आयुष्याची दिशा तिच्या हाती असते म्हणून सुकाणू, आणि कधी कधी शेजारी चाकही. सापांनी वेढलेला दंड असेल तर फेलिसिटास, म्हणजे सुख-भरभराट. धान्याची कणसे असतील आणि पायाशी पायलीसारखे धान्य मोजायचे भांडे किंवा जहाजाचे नाक असेल तर ती अनोना, रोम शहराच्या धान्यपुरवठ्याची देवता. इजिप्त आणि आफ्रिकेतून येणाऱ्या धान्याच्या जहाजांवर ते शहर जगत होते, त्यामुळे अनोना नाण्यावर आली म्हणजे सम्राट ‘रेशन वेळेवर मिळेल’ असे सांगतो आहे असे समजायला हरकत नाही.

शिंग नसलेल्या मूर्ती तर आणखी सोप्या. ऑलिव्हची फांदी धरलेली ती पॅक्स, शांती; कधी ती मशालीने शस्त्रांचा ढीग पेटवताना दाखवतात. टोकदार टोपी पुढे धरलेली लिबर्टास, स्वातंत्र्य, कारण गुलामाला मुक्त करताना त्याला अशी टोपी घालत असत. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा घोळ किंचित उचललेली ती स्पेस, आशा. ती नेहमी चालण्याच्या पवित्र्यात असते. खांबाला रेलून, पायावर पाय टाकून निवांत उभी असलेली सेक्युरिटास, सुरक्षितता. डोक्यावरून पदर घेऊन वेदीपुढे उभी असलेली आणि ताम्हनासारख्या उथळ पात्रातून अर्घ्य देणारी पिएटास, भक्ती आणि कर्तव्यनिष्ठा. सापाला पात्रातून खाऊ घालणारी सॅलस, आरोग्य; नागपंचमीला वाढलेल्या माणसाला या चित्राचे विशेष आश्चर्य वाटू नये. पंख असलेली, हातात पानांचा हार किंवा खजुराची फांदी घेतलेली ती विक्टोरिया, विजय. तिला परी म्हणण्याचा मोह फार होतो, तो आवरावा.

खऱ्या देवतांपैकी पाच-सहा पाठ असल्या की काम भागते. ज्युपिटरच्या हातात वज्र आणि जवळ गरुड, मिनर्व्हाला शिरस्त्राण, भाला, ढाल आणि कधी घुबड, हर्क्युलिसला सोटा आणि सिंहाचे कातडे, अपोलोला तंतुवाद्य, सेरेसला कणसे आणि मशाल, सूर्यदेव सोलला किरणांचा मुकुट आणि वर उचललेला उजवा हात. वज्रधारी देवराज आपल्याकडेही आहे, पण त्याचे वाहन ऐरावत. साम्य तिथेच थांबते, ते ताणून दोघांना एक ठरवण्याची घाई करू नये.

प्रांतांनाही अशीच रूपे मिळाली. हेड्रियनने साम्राज्यभर प्रवास केला आणि त्याच्या नाण्यांवर एकेक प्रांत बसवला: आफ्रिकेच्या डोक्यावर हत्तीचे सोंडेसकट कातडे, हिस्पानियाच्या हातात ऑलिव्हची फांदी आणि जवळ ससा, इजिप्तच्या हातात सिस्ट्रम नावाचे खुळखुळ्यासारखे वाद्य. जिंकलेला प्रांत मात्र वेगळा दिसतो. वेस्पाशियनच्या इ.स. ७० नंतरच्या नाण्यांवर खजुराच्या झाडाखाली डोके टेकून बसलेली शोकमग्न स्त्री आहे; ती जुदेआ, जेरुसलेम पडल्यानंतरची. वस्तू हातात नसणे, हात बांधलेले किंवा गालाला टेकलेले असणे, हीसुद्धा एक खूणच आहे.

अक्षरे लावताना

चित्र ठरल्यावर अक्षरांकडे यावे, म्हणजे ती अर्धी आपोआप वाचता येतात. मुद्रालेख बहुधा डावीकडे खालून, घड्याळात सात वाजतात त्या जागेपासून सुरू होतो आणि काट्यांच्या दिशेने फिरतो. ‘यू’ हे अक्षर नाही, त्याच्या जागी ‘व्ही’ येते. ‘जे’ऐवजी ‘आय’ येते. शब्दांमध्ये जागा बहुधा सोडलेली नसते. आणि चार हा आकडा पुष्कळदा चार उभ्या रेघांनी लिहितात.

संक्षेप मोजकेच आहेत. ‘आय-एम-पी’ म्हणजे इंपेरातोर, सेनापती, ज्यावरून पुढे ‘एम्परर’ झाला. ‘सी-ए-ई-एस’ म्हणजे सीझर; लॅटिन उच्चार काएसार, आणि तोच शब्द फिरत फिरत ‘कैसर-ए-हिंद’ या किताबात आपल्या दारी आला. ‘ए-व्ही-जी’ म्हणजे ऑगस्टस. शेवटी ‘जी’ दोनदा असेल तर त्या वेळी दोन सम्राट एकत्र राज्य करीत होते. ‘पी-एम’ म्हणजे मुख्य पुरोहित, ‘पी-पी’ म्हणजे राष्ट्रपिता, ‘डी-आय-व्ही-व्ही-एस’ म्हणजे मृत्यूनंतर देवत्व पावलेला. तांब्या-पितळेच्या नाण्यांवर ठळक ‘एस’ आणि ‘सी’ दिसतात; त्यांचा अर्थ सिनेटच्या ठरावाने.

तारीख दोन पदव्यांत लपलेली असते. ‘टी-आर-पी’ म्हणजे लोकाधिकारीपद, जे दरवर्षी नवे होत असे, म्हणून त्यापुढचा आकडा जवळजवळ राज्यवर्षासारखा वाचता येतो. ‘सी-ओ-एस’ म्हणजे कॉन्सलपद, रोममधले वर्षाच्या मुदतीचे सर्वोच्च पद, जे सम्राट अधूनमधून घेई. ट्राजनचे नाणे घेतले आणि त्यावर ‘सी-ओ-एस’पुढे पाच असा आकडा असला, तर ते इ.स. १०३ ते १११ या काळातले ठरते, कारण पाचव्यांदा तो १०३ मध्ये आणि सहाव्यांदा ११२ मध्ये कॉन्सल झाला. त्यावर हात पाठीशी बांधलेला कैदी असला तर तो नुकत्याच जिंकलेल्या डेशियाचा, म्हणजे आजच्या रोमानियाकडचा, हे वेगळे सांगायला नको.

चेहरा

चेहऱ्याचा उपयोग नाव ओळखण्यापेक्षा काळ ओळखण्याला जास्त होतो. हेड्रियनपूर्वीचे सम्राट सहसा सफाचट दाढी केलेले, त्याच्यानंतर शंभर वर्षे बहुतेक सगळे दाढीवाले. कॉन्स्टंटाइनच्या काळापासून पानांच्या मुकुटाऐवजी मोत्यांची पट्टी येते. राण्यांच्या बाबतीत केशरचना पाहावी: फ्लेवियन काळात, म्हणजे वेस्पाशियन आणि त्याच्या मुलांच्या राज्यात, कपाळावर कुरळ्या केसांचा उंच डोलारा, धाकट्या फाउस्टिनाचा मागे बांधलेला नेटका अंबाडा, ज्युलिया डोम्नाचे शिरस्त्राणासारखे जाड लाटांचे केस. झिजून नाव गेलेल्या नाण्यावरही अंबाडा सहसा शिल्लक राहतो.

नाणे काय पटवू पाहते आहे?

इथपर्यंतचे काम कोणीही चार रविवारांत शिकेल. खरी गोडी यापुढे आहे, आणि माझ्या मते पुष्कळ संग्राहक इथेच कमी पडतात. नाण्यावरची देवता ही बातमी नसते, तो सम्राटाचा दावा असतो. आणि एखाद्या गोष्टीचा दावा फार मोठ्याने केला जातो तेव्हा तिचीच वानवा असण्याचा संभव असतो.

इ.स. १९३ मध्ये रोमच्या शरीररक्षक सैनिकांनी सम्राटपदाचा अक्षरशः लिलाव केला आणि दिदियस ज्युलियानसने ते विकत घेतले. त्याच्या नाण्यांवर दोन सैन्यध्वज धरलेली एकोप्याची देवता आहे आणि भोवती ‘सैनिकांचा एकोपा’ असा लेख आहे. तो ६६ दिवस टिकला. काराकाला आणि प्लाउटिला यांचे लग्न इ.स. २०२ मध्ये झाले. त्या निमित्ताच्या डिनारियसवर दोघांनी हात हातात घेतले आहेत आणि साम्राज्याचा वंशविस्तार होवो अशा अर्थाचे शब्द आहेत. तीन वर्षांत तिला हद्दपार केले गेले आणि पुढे मारण्यात आले. नीरोची नाणी ओळीने मांडली तर एक अख्खी कौटुंबिक कथा डोळ्यांपुढून जाते. इ.स. ५४ मध्ये तो गादीवर आला तेव्हा त्याचा आणि आई अग्रिपिनाचा चेहरा समोरासमोर आहे, आणि छाप्याच्या बाजूला लेख आहे तो आईच्या नावाचा. पुढच्या वर्षी दोघे एकाच दिशेला पाहतात, नीरो पुढे आणि आई मागे, लेखही आता त्याच्या नावाचा. मग आई नाण्यावरून नाहीशी होते. इ.स. ५९ मध्ये नीरोने तिचा खून करविला.

ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये रोमच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा येऊ दिला. जिवंत रोमन माणसाने असे करण्याची ती पहिलीच वेळ, आणि राजा होऊ पाहतो हा संशय त्यामुळे बळावला. त्याला मारणाऱ्या ब्रूटसने दोनच वर्षांत नाणे पाडले: काट्याला दोन खंजीर, मध्ये मुक्त गुलामाची टोपी, खाली १५ मार्च ही सीझरच्या खुनाची तारीख. आणि छाप्याला? ब्रूटसचा स्वतःचा चेहरा.

तेव्हा प्रत्येक नाण्यापुढे बसताना वहीत एक ओळ राखून ठेवावी: ‘हे कोणाला पटवायचे होते, आणि तेव्हाच का?’ उत्तर दर वेळी मिळत नाही, मिळाले तरी ते कामचलाऊ असते. पण हा प्रश्न विचारला नाही तर नाणे नुसती आयुधांची यादी होऊन बसते.

आपल्या वाटेने आलेली नाणी

पुण्याच्या माणसाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. इ.स. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत भडोच आणि कल्याण ही बंदरे आहेत, पैठण आणि तेर ही बाजारगावे आहेत, आणि भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलली तर नफा होतो अशी व्यापारी सूचनाही आहे. कार्ल्याच्या लेण्यातले खांब कोरवून देणाऱ्यांत यवन म्हणवणारे दाते आहेत. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी नेवाशाला खणले तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. रोममध्ये बसलेला लेखक प्लिनी तक्रार करीत होता की हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्शियस ओढून नेतो. वर दिलेल्या कोष्टकाने हिशेब केला तर हे पाच लाख औरियस होतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रोमन नाण्यांचे मोठे निधी दक्षिणेत, विशेषतः कोइमतूरच्या आसपास आणि आंध्रात सापडले. महाराष्ट्रात ती तुरळकच आहेत. इथे आलेली चांदी बहुधा वितळवून स्थानिक नाण्यांत गेली असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा ठोकला आहे. जिंकलेल्याच्या चेहऱ्यावर आपली खूण उमटवणे म्हणजे काय, हे त्या नाण्यांकडे पाहून कळते.

हिंदुस्थानात सापडणाऱ्या डिनारियसांत दोन प्रकार फार मोठ्या संख्येने असतात आणि नवशिक्याने तेच आधी पाठ करावेत. पहिला ऑगस्टसचा: काट्याला टोगा नेसलेले दोन तरुण, मध्ये ढाली आणि भाले, वर पूजेची लांब दांड्याची पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वळलेल्या टोकाची काठी. हे त्याचे दत्तक घेतलेले नातू गायस आणि लुसियस, गादीचे वारस. लुसियस इ.स. २ मध्ये आणि गायस ४ मध्ये वारला; त्यांची नाणी मात्र आपल्या बाजारात पुढेही फिरत राहिली. वारस म्हणून उरला तो तिबेरियस, आणि दुसरा प्रकार त्याचा. काट्याला आसनावर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात फांदी. फांदी म्हणून तिला पॅक्स म्हणावे तर लेखात पॅक्सचे नाव नाही, फक्त ‘मुख्य पुरोहित’ ही सम्राटाची पदवी आहे. पुष्कळजण तिला त्याची आई लिव्हिया मानतात. त्रिशुंड गणपतीचा नियम इथे कामाला येतो: खुणा पुरेशा नसतील तर ‘बसलेली स्त्री, बहुधा लिव्हिया’ असेच लिहावे.

सोन्याच्या नाण्यांची गत निराळी. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सुमारे पाचशे औरियस मिळाले. त्यांतल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर छिन्नीचा काप आहे, म्हणजे ते चलन म्हणून नव्हे, धातू म्हणून ठेवलेले असावेत. कित्येक नाण्यांना, आणि इथेच बनवलेल्या त्यांच्या नकलांना, डोक्याच्या वर दोन भोके पाडलेली आढळतात, दोरा ओवण्यासाठी. ज्याने घरात पुतळ्यांची माळ पाहिली आहे त्याला हे लगेच उमगेल, कारण आपली पुतळी हीसुद्धा मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याची वंशज. तेरला तर रोमन नाण्यावरून उठवलेली मातीची पदके मिळाली आहेत. ज्याला सोने परवडत नव्हते त्याने माती गळ्यात घातली.

खरे-खोटे आणि कायदा

ओतीव नकलेच्या कडेवर साच्याची जोडरेघ दिसते किंवा ती कानशीने घासलेली असते. पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेला लहान चिरा असतात, तो दोष नव्हे. दोन नाणी खड्ड्या-ओरखड्यांसह हुबेहूब सारखी असतील तर दोन्ही संशयास्पद. चांदीच्या पापुद्र्याखाली तांबे दिसले तर मात्र लगेच टाकून देऊ नये. मुलामा दिलेली खोटी नाणी रोमन काळातही पाडली जात, आणि तसे निघाल्यास ती खोटी असूनही प्राचीनच असतात. खात्रीसाठी अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संगणकीय सूचीत साम्राज्यकाळातील प्रकार विनामूल्य पडताळता येतात. प्रत्यक्ष नाणी पाहायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे नाण्यांचे दालन एका दिवसात उरकते.

जुन्या बाजारात किंवा प्रदर्शनात खरेदी करताना पावती घ्यावी आणि नाणे कोठून आले ते तीवर लिहून घ्यावे. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, ते परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पुण्याच्या पावसाळ्यात नाणी मऊ पीव्हीसी पाकिटांत ठेवू नयेत, त्यांवर हिरवा चिकट थर येतो. आम्लरहित कागदी पाकिटे आणि डब्यात सिलिका जेलची पुडी बरी.

प्रत्येक पाकिटात एक कार्ड असावे. ओळखीच्या एका संग्राहकाच्या नाण्यासाठी मी लिहिलेले कार्ड नमुन्यादाखल देतो.

डिनारियस, चांदी. ३.६८ ग्रॅम, १८ मिमी. छापा: पानांचा मुकुट घातलेला चेहरा, उजवीकडे पाहणारा, ‘तिबेरियस सीझर, देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस’, शेवटची तीन अक्षरे नाण्याबाहेर गेलेली. काटा: आसनस्थ स्त्री, उजवीकडे तोंड, राजदंड आणि फांदी, बहुधा लिव्हिया, ‘मुख्य पुरोहित’. इ.स. १४ ते ३७. गालावर एक काप, जुना. कोणाला पटवायचे होते: दत्तक मुलगा असूनही खरा वारस आपणच, हे सगळ्यांना. काप कोणी घातला, ते लिहायला जागा रिकामी ठेवली आहे.